नोव्हा दोलिनात किती वाजले

दार्काच्या डोक्यावर हिरव्या पानांचा मुकुट बसला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या घड्याळात नऊला पाच मिनिटं कमी होती. त्याच क्षणी नवऱ्याकडच्या सहा गाड्या धुरळा उडवत अंगणात शिरल्या. त्यांच्या घड्याळांत दहाला पाच मिनिटं कमी होती. दोन्हीकडची माणसं अगदी ठरल्या वेळेला हजर होती, आणि घोळ नेमका तिथेच होता.

लग्नाच्या पत्रिकेवर छापलं होतं: आईवडिलांचा आशीर्वाद दहा वाजता, चर्च अकरा वाजता. कुठले दहा नि कुठले अकरा, ते कुणी छापलं नव्हतं. नोव्हा दोलिना गावाच्या मते दिवसाचे दहा एकदाच वाजतात, जुन्या वेळेचे, जे गाईंना मान्य आहेत. चार मैलांवरच्या, नवऱ्याकडच्या ब्रायरक्रॉफ्टचंही मत हेच होतं. फक्त त्यांचे दहा नवे होते, उन्हाळ्यात घड्याळं पुढे केल्याने तासभर आधी वाजणारे, कारण संध्याकाळी उजेड उरल्याशिवाय बेसबॉल खेळता येत नाही. प्रत्येक घराला वाटलं, समोरच्यांनी माघार घेतली. त्या आनंदात महिनाभर दोन्हीकडे एकमेकांबद्दल फार चांगलं बोललं जात होतं.

दार्काला स्वतःचाच राग आला. ती गावाची सचिव होती. 'नोव्हा दोलिना जुन्याच वेळेवर राहील' हा ठराव गेल्या एप्रिलात तिनेच टाइप केला होता, तीन प्रतींत. पण स्वतःच्या लग्नाची पत्रिका कुणी कलम-उपकलम बघत वाचत नाही.

"मामो, तातो कुठेत?"

"गोठ्यात." आईने, म्हणजे येव्दोखाने, कोबीच्या पानात भात गुंडाळता गुंडाळता मान हलवली. सातशे होलुब्त्सी झाल्या होत्या, पण हात थांबत नव्हता. "म्हणाले, दहाला येतो."

"अगं, पण ते लोक आलेत!"

"मग त्यांना सांग, तुम्ही अजून यायचे आहात."

तेवढ्यात फोन वाजला. फादर इझिदोर होते. त्यांच्याकडे सात चर्च होती नि तीन वेळा. डाव्या मनगटावर नवी, उजव्या मनगटावर जुनी, आणि झग्याच्या खिशात क्रास्ने गावची. क्रास्नेने भांडण नको म्हणून मधला अर्धा तास स्वीकारला होता, आणि आता त्या गावाशी दोन्हीकडचे भांडत होते.

"फादर, तुम्ही कुठल्या अकराला येणार?"

"नव्या अकराला येतो, जुन्या अकराला निघतो. पुढे क्रास्नेत दफन आहे, तो माणूस काही थांबायचा नाही असं त्याची बायको म्हणते. मधल्या तासात लग्न बसवायचं. विधीला पंचावन्न मिनिटं, पाच मिनिटं तुझ्या मावश्यांच्या रडण्याला."

"आणि आज नाहीच जमलं तर?"

"सोमवारपासून पेत्राचा उपास बसतो, पोरी. उपासात लग्न नाही. मग थेट बारा जुलैनंतर."

दार्काने फोन ठेवला. तीन आठवडे म्हणजे काही फार नाही. पण ही दोन घरं तीन आठवडे भांडली, तर तेरा जुलैला नवरा-नवरी सोडून चर्चमध्ये कोणी येणार नाही, आणि कदाचित नवराही नाही. त्याची आई त्याला गाडीत कोंडेल.

त्याची आई, तेकल्या बोइचुक, आत्ता पहिल्या गाडीत मागच्या सीटवर बसली होती. गावातलं हार्डवेअरचं दुकान तिचं, बेसबॉलचा संघ तिचा, ब्रायरक्रॉफ्टच्या पंचायतीचं अध्यक्षपदही तिचंच. गाडीचं दार उघडं होतं, पण पाय आत होते.

"विहीणबाई, उतरा ना," दार्काच्या मिकितामामाने विनवलं.

"आशीर्वाद तयार असेल तर उतरते. नसेल तर गाड्या वळवते. आम्ही दहा म्हणजे दहाला येणारी माणसं आहोत. काही लोक अजून कालच्यात राहतात, त्याला मी काय करू?"

झेनोन, म्हणजे नवरा, गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. त्याने दार्काकडे बघून खांदे उडवले. उंच, देखणा मुलगा होता. पण आईसमोर तो नेहमी कुणाचा तरी कोट सांभाळायला दिल्यासारखा दिसायचा.

दार्का पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून गोठ्याकडे निघाली.

दार्काचे वडील पाव्लो ह्रिंचुक तीन पायांच्या स्टुलावर बसले होते. अंगात भरतकामाचा लग्नातला सदरा, पायात रबरी बूट. दूध सकाळी सहालाच काढून झालं होतं. तातो रिकामी गाय पिळत होते आणि गाय मान वळवून त्यांच्याकडे बघत होती.

"तातो, चला."

"किती वाजले?"

"नऊ वाजून दहा."

"मग?"

"फादर जुन्या दहाला चर्चमध्ये येऊन जुन्या अकराला जाणार. साडेनऊला इथून निघालो नाही, तर लग्न होत नाही."

"पत्रिकेत काय लिहिलंय? आशीर्वाद दहाला. मी या गावाच्या पंचायतीचा अध्यक्ष आहे. मीच वेळ पाळली नाही, तर उद्या लोक रस्त्याच्या उलट्या बाजूने गाडी चालवतील."

"तुमच्या मुलीचं लग्न आहे, तातो."

"म्हणून तर नियमाने करायचं," असं म्हणून त्यांनी पुन्हा गाईला हात घातला. गाईने सुस्कारा सोडला.

दार्का बाहेर आली, तेव्हा अंगणात आणखी एक गाडी थांबली होती. नेस्टरकाका. तातोंचा धाकटा भाऊ, प्रांताच्या राजधानीत, रेजायनाच्या विधानसभेत याच भागाचा आमदार. आईचा पियानो कुणी ठेवायचा यावरून भांडण झाल्यापासून पाच वर्षं त्याने या पायरीवर पाय ठेवला नव्हता. आज ठेवला, आणि ठेवताक्षणी पश्चात्ताप झाला, कारण अख्खं अंगण त्याच्या अंगावर आलं.

"आलात का सरकार?" मिकितामामा म्हणाला. "बोला, आमच्याकडे किती वाजले?"

"त्यात प्रांत सरकार लक्ष घालू शकत नाही," काकाने टोपी काढली. "वेळेचा विषय आम्ही गावांकडे सोपवलाय."

"का सोपवलात?"

"लोक सरकारवर चिडत होते."

"आणि आता?"

"आता एकमेकांवर चिडतात. धोरण म्हणून ते यशस्वी आहे."

"काका, तुझी ती समिती होती ना?" दार्काने विचारलं. "एक प्रांत, एक वेळ?"

"होती की. अकरा गावं फिरलो आम्ही. प्रत्येक गावात तासभर उशिरा किंवा तासभर लवकर पोचलो. शेवटी अहवाल दिला."

"काय दिला?"

"की आणखी एक समिती नेमावी."

गाडीतून तेकल्याचा आवाज आला. "नेस्टर, मागच्या निवडणुकीत ब्रायरक्रॉफ्टने तुला दोनशे दहा मतं दिली. भावाला गोठ्यातून काढता येत नाही तुला?"

"आणि नोव्हा दोलिनाने दोनशे आठ!" मिकितामामा ओरडला. "बघू, कुणाची बाजू घेतोस."

काका दोघांच्या बरोबर मध्ये उभा राहिला आणि हवामानाबद्दल बोलू लागला. दार्का त्याच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या डोक्यात वेळेच्या कायद्याचं कलम एकोणीस उजाडलं. गावाची वेळ पंचायतीच्या ठरावाने बदलते. पाच सदस्यांपैकी तीन हजर हवेत. सभा गावाच्या हद्दीत हवी. मिकितामामा सदस्य होता. म्हातारा हाव्रिलोही सदस्य होता. तो सकाळी सातपासून पंगतीच्या टेबलाशी जागा धरून बसला होता. तिसरा गोठ्यात होता.

ती पुन्हा गोठ्याच्या दारात गेली. "तातो, पंचायतीची तातडीची सभा आहे. स्वयंपाकघरात. आत्ता."

पाव्लो ताडकन उठले. मुलीच्या लग्नासाठी न हललेला माणूस सभेसाठी कोपरापर्यंत हात धुऊन आला.

सभा नऊ वाजून वीस मिनिटांनी सुरू झाली. दार्काने मुकुट सरळ केला, इतिवृत्ताची वही उघडली आणि ठराव वाचला. "कलम एक. गावाच्या वेळेबाबतचा आधीचा ठराव रद्द. कलम दोन. आजपासून नोव्हा दोलिना नव्या वेळेवर राहील."

"हे कुणी मांडलं?" पाव्लोंचा चेहरा लाल झाला.

"मी मांडतो," मिकितामामा म्हणाला. त्याने तोवर ठराव नीट ऐकलाही नव्हता. पण पाव्लो कशाला तरी विरोध करतायत म्हटल्यावर बाजू ठरवायला त्याला तेवढं पुरत असे. वीस वर्षं पुरलं होतं.

"गाईंचं काय?" पाव्लो कडाडले. "उद्या त्यांना काय सांगू, काल सहा होते ते आज सात झाले म्हणून?"

"गाईंना पत्रिका गेलेली नाही, तातो."

"हाव्रिलो, तू तरी शहाण्यासारखा बोल!"

हाव्रिलोने विचार केला. "जेवण कितीला आहे?"

"एकला," येव्दोखाने चुलीपाशी असल्यागत म्हटलं, पण ती चुलीपाशी नव्हती, दारात होती. हातात होलुब्त्सीची झाकलेली थाळी होती आणि ती बाहेर निघाली होती.

"एकला म्हणजे नव्या वेळेने लवकर येईल ना?"

"तासभर लवकर."

"मग मी नव्या वेळेचा," हाव्रिलोने हात वर केला.

दोन विरुद्ध एक. पाव्लो उठले, रबरी बूट काढले आणि खाटेखालून काळे बूट ओढले. "माझ्याविरुद्ध झाला तरी ठराव तो ठराव. किती वाजले?"

"नव्या वेळेने दहा पंचवीस."

"दहा पंचवीस!" ते असे ओरडले की चुलीवरचं झाकण हललं. "म्हणजे मला उशीर झाला? मला? येव्दोखा! भाकर कुठेय? बाक पुढे घ्या! लोक ताटकळलेत अंगणात!"

उंबऱ्याशी बाक मांडला गेला, त्यावर गालिचा अंथरला गेला, आशीर्वादाची गोल भाकर पाव्लोंच्या मांडीवर आली. दार्काचा जीव भांड्यात पडला. ती अंगणात धावली.

गाडीत तेकल्या थर्मासातून चहा ओतत होती. तिच्या मांडीवर रिकामी थाळी होती. गाडीच्या दोन्ही बाजूंना तिचे दोन दीर हात बांधून उभे होते.

"चला ना! तातो बसलेत आशीर्वादाला."

"एवढी घाई कसली?" तेकल्या प्रेमाने म्हणाली. "आता कुठे साडेनऊ होतायत."

दार्काला वाटलं, आपण उभ्या जागी म्हातारे होतोय. "तुमच्याकडे तर साडेदहा हवेत."

"होते. पण तुझी आई आली, जेवायला घातलं, म्हणाली, विहीणबाई, तो हट्टी आहे, एक दिवस तुम्ही मोठेपणा घ्या. मी म्हटलं, घेते. आमच्या पंचायतीचे आम्ही तिघं इथे आहोतच. आत्ताच ठराव केला. ब्रायरक्रॉफ्ट जुन्या वेळेवर आलं. तुझ्या बापाचे दहा, ते आमचे दहा. तो म्हणेल तेव्हा मी उतरेन, त्याच्याआधी नाही. आता मानाचा प्रश्न आहे."

"पण सभा आपल्या गावात घ्यावी लागते!"

"गाडी ब्रायरक्रॉफ्टची आहे. नंबरप्लेट बघ."

दार्काने मागे वळून पाहिलं. आई थाळी घ्यायला आली होती, ती जागच्या जागी थिजली होती. "मला काय ठाऊक, आत तुम्हीही..." ती पुटपुटली. महिनाभर एकमेकांशी चांगलं वागायचा सराव झाला होता, आणि त्याचं हे फळ.

"काका!" दार्काने हाक मारली. "पुन्हा ठराव करता येईल ना?"

नेस्टरकाकाने टोपी पुन्हा काढली. "वेळेचा ठराव तीस दिवस बदलता येत नाही."

"असं कुठल्या गाढवाने लिहिलं?"

"मी. गावं दर आठवड्याला वेळ बदलायला लागली होती."

उंबऱ्यावरून पाव्लोंचा आवाज आला. "मी उशीर करून बसलोय नि ते लोक उतरत का नाहीत?" पाठोपाठ त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असावं, कारण आवाज बदलला, त्यात एकदम निवांतपणा आला. "असं होय. ते जुन्या वेळेवर आहेत? मग पाहुण्यांना घाई करणं बरं नव्हे. पाहुण्यांच्या वेळेने घेऊ. दहाला."

भाकर मांडीवरून खाली उतरू लागली. दार्काने ते बघितलं. बापाच्या चेहऱ्यावरची ती सुटका तिने नीट बघितली, आणि तिला पहिल्यांदाच गाईची आठवण आली. ती रिकामी पिळली जाणारी गाय. हा माणूस वेळ पाळत नव्हता. हा वेळ काढत होता.

ती उंबऱ्यापाशी गेली. अंगण तिच्यामागे सरकलं.

"तातो, दहाची वाट बघू नका. दहा वाजणार नाहीत."

"म्हणजे?"

"कलम एकने जुनी वेळ रद्द झाली. ती मतदानाबरोबर लगेच रद्द होते. कलम दोनमधली नवी वेळ सचिवाची सही झाल्यावर लागू होते. मी सही केलेली नाही. या क्षणी नोव्हा दोलिनात काहीही वाजलेलं नाही."

हाव्रिलोने जेवणाच्या टेबलाकडे काळजीने पाहिलं.

"नेस्टर?" पाव्लोंनी भावाला विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

काकाने डोळे मिटून कायदा मनातल्या मनात वरून खालपर्यंत वाचला. डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "ती बरोबर आहे, दादा. गावाला वेळ नसेल तर काय, याची तरतूद नाही. आम्हाला वाटलं नव्हतं की कुणी..." तो थांबला. "पुढच्या अधिवेशनात मी एका वेळेच्या बाजूने हात वर करणार. देवाशप्पथ."

"कुठल्या वेळेच्या?" तेकल्याने गाडीतून विचारलं.

"ते विधेयकात लिहिलेलं नाही."

दार्का खाली बसली, बापाच्या पायांशी, झग्याला धूळ लागू देत. हळू आवाजात म्हणाली, "तातो, पत्रिका छापायला कुणी टाकली होती?"

पाव्लोंनी भाकरीवरचं पीठ नखाने काढलं. "मी."

"कुठली वेळ ते लिहायचं राहिलंय, दिसलं नव्हतं तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"मग?"

"म्हटलं, राहू दे." त्यांना वर बघवेना. "ते लोक नऊला येतील. मी म्हणेन, दहाला. एक तास जास्तीचा मिळेल तुझ्यासोबत. सरकारमान्य."

"आणि मग तो तास गोठ्यात घालवलात?"

"तुला त्या मुकुटात बघवलं नाही मला. म्हणून उठलो." त्यांनी नाक ओढलं. "गाय काय, काही विचारत नाही."

"चार मैलांवर जातेय मी, तातो. तिथून तुमच्या छपरावरचं धुराडं दिसतं."

"चार मैलांचं काही नाही गं. पण महिनाभर हेच डोक्यात होतं, की मी सकाळी उठून चहा ठेवणार, तेव्हा तुझी न्याहारी होऊन भांडी घासून झालेली असणार. मी सहाला तुझी आठवण काढेन आणि तुझे सात वाजलेले असतील. आयुष्यभर मी तुझ्यामागे एक तास."

गावाच्या सगळ्या ठरावांत दार्काला यावरचं एकही कलम आठवेना. तिने फक्त त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मुकुटाची दोन पानं मोडली.

"आज नाही वाजलंय काहीच," ती म्हणाली. "आज आपण बरोबरीने आहोत. म्हणून आत्ताच द्या."

मागे गाडीचं दार वाजलं. झेनोनने आईला हात दिला होता. "मामो, त्या जमिनीवर आता वेळच नाही. तुझा मान कुठल्या वेळेत मोडणार?"

तेकल्याने यावर विचार केला. मग एक पाय खाली टेकला, पाठोपाठ दुसरा. चालत आली आणि येव्दोखाच्या शेजारी बाकावर अशी बसली की जणू तिला तिथेच बसायचं होतं. तिचे दीर मागे उभे राहिले. मिकितामामाने सवयीने काहीतरी विरोध करायला तोंड उघडलं, पण हाव्रिलोने त्याला कोपराने ढोसलं. जेवण त्याच्याशिवाय पुढे सरकणार नव्हतं.

झेनोन आणि दार्का तीनदा वाकली. पहिल्यांदा पाव्लोंनी भाकर धरली. दुसऱ्यांदा भाकर एका बाजूला कलली. तिसऱ्यांदा येव्दोखाला ती खालून धरावी लागली, कारण पाव्लो ह्रिंचुक, नोव्हा दोलिना पंचायतीचे अध्यक्ष, मोठ्याने रडत होते आणि मधेमधे "देव तुमचं भलं करो" असं म्हणायचा प्रयत्न करत होते. पाच मिनिटं मावश्यांसाठी राखली होती, ती सगळी त्यांनीच खाल्ली.

"चला चला," नेस्टरकाका ओरडला. "फादर त्यांच्या एका हातावर तरी नक्की आले असतील!"

सगळे गाड्यांकडे धावले. दार्का आत गेली.

"अगं, आता काय राहिलं?" तेकल्याने हाक मारली.

"वही!"

स्वयंपाकघरात पंचायतीची वही उघडी पडली होती. शेवटच्या ओळीत रकाना मोकळा होता: सभा समाप्तीची वेळ. तो मोकळा सोडायची प्रांताच्या नियमात परवानगी नाही; त्याबद्दल मागच्या वर्षी रेजायनाहून पत्र आलं होतं. दार्काने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते चालत होतं, पण आज त्याला कायद्याने काही अर्थ नव्हता. बाहेर सहा गाड्यांचे भोंगे वाजत होते. तातो तिच्या पाठोपाठ दारात येऊन उभे राहिले होते, येव्दोखाचा रुमाल हातात, नाक लाल.

"लिही काहीतरी नि चल," ते म्हणाले. "मला उशीर करायला आवडत नाही."

तिने दौतीत टाक बुडवला आणि नेटक्या सरकारी अक्षरात लिहिलं: अध्यक्षांचे डोळे पुसून झाल्यावर सभा संपली.